मार खाणारी ढाल

कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत तानाजी मालुसऱ्यांची ढाल तुटते, दुसरी वेळेवर हाती येत नाही आणि ते डाव्या हाताचीच ढाल करून लढतात. ४ फेब्रुवारी १६७० ची ती रात्र मराठी रंगभूमीने आणि पडद्याने पुन्हा पुन्हा जागवली. हरि नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’वरून बाबुराव पेंटरांनी १९२३ साली ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. तांबडं पडद्यावर काळं उतरे, निळं फिकट. सामान रंगवणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांना काय दिसतं ते बाजूला ठेवून फिल्मला काय दिसेल याचा विचार करावा लागे.

खरी ढाल गोल आणि बाहेरून फुगीर असते. गेंड्याच्या किंवा म्हशीच्या कातड्याची असली तर वर लाखेचा लेप. पोलादी असली तर कधी कोफ्तगिरी, म्हणजे पोलादावर बारीक आडव्यातिडव्या रेघा पाडून त्यांत सोन्याची तार ठोकून बसवलेली. समोरची चार फुलं निव्वळ शोभेची वाटतात, पण मागच्या मुठीच्या कड्या धरून ठेवणारे खिळे त्यांच्याखालीच असतात. म्हणून नाटकाच्या ढालीवर ही फुलं ब्रशाने काढलेली पाहिली की मला वाईट वाटतं.

नाटकासाठी फायबरची ढाल हलकी पडते, तरीही मी पत्र्याच्याच बाजूचा आहे, तो आवाजासाठी. पत्र्यावर तलवार बसली की तो खणका शेवटच्या रांगेपर्यंत जातो. ४५ सेंटिमीटर व्यासाची, १ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याची ढाल साधारण सव्वा किलोची होते. ॲल्युमिनियमची त्याच्या तिसऱ्या हिश्शाची, पण आवाज पातळ. उभार ठोकूनच द्यावा. पुण्याच्या तांबट आळीत भांड्यांवर जे मठारकाम होतं, त्याची गंमत अशी की हातोडीचा प्रत्येक ठोका पत्रा कडक करतो आणि प्रकाश पकडणारा एक लहानसा खळगाही ठेवून जातो. लांबी, म्हणजे पुट्टी, जाड थापली तर हे सगळे खळगे बुजतात. शिवाय वार बसला की पत्रा लवतो, लांबी लवत नाही. ती तडकून खपलीसारखी पडते.

आमच्या हौशी नाटकासाठी केलेली माझी पहिली ढाल दुसऱ्याच प्रयोगात सोलली. गंज नको म्हणून मी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा घेतला होता आणि त्यावर थेट ऑइल पेंट मारला होता. त्या रंगातलं तेल जस्ताशी मिळून रंगाखाली साबणासारखा थर बनवतं आणि वरचा रंग सुटतो. अशा पत्र्याला आणि ॲल्युमिनियमला आधी वॉश प्रायमर लागतो. साध्या लोखंडाचं काम त्या मानाने सरळ: थिनरने तेलकटपणा पुसायचा, पॉलिश पेपरने गंज काढायचा, उघड्या हाताने पुन्हा शिवायचं नाही आणि रेड ऑक्साइडचा पातळ हात मारायचा. हे दोन तास कंटाळवाणे असतात, पण पुढचं सगळं यांच्यावरच टिकतं.

सोनेरीचं प्रकरण निराळं. सोनेरी पावडर म्हणजे तांबं-जस्ताच्या मिश्रधातूचा चुरा. व्हार्निशमध्ये आम्ल असेल तर त्यातलं तांबं हिरवट पडतं, म्हणून लागेल तेवढीच पावडर ऐनवेळी कालवावी. पूर्ण ढाल मात्र सोनेरी करू नये. काळ्या थरावर चंदेरी रंग जवळजवळ कोरड्या ब्रशाने, फक्त उंचवट्यांवरून फिरवावा. सोनेरी फुलांवर आणि कडेवर पुरे. मग अंबर आणि काळा खूप पातळ करून सगळीकडे लावायचा आणि लगेच फडक्याने पुसायचा. फुलांच्या मुळाशी राहील तो मळ राहू द्यावा, कारण खऱ्या ढालीलाही हात तिथवर पोचत नाही. शेवटचा हात मॅट लॅकरचा. चकचकीत ढालीवर स्पॉट पडला की प्रेक्षकांना पांढरा डाग दिसतो, ढाल दिसत नाही. पण ऑइल पेंट पुरता मुरण्याआधी लॅकर मारलं तर थिनर खालचा रंग उचलतं आणि सुरकुत्या पडतात. मी आठवडाभर थांबतो.

दुसरी ढाल लोखंडी केली. सुरुवातीला प्रत्येक प्रयोगानंतर मी तिचे ओरखडे रंगवून बुजवत असे. एकदा राहून गेलं, आणि पुढच्या प्रयोगाला विंगेतून पाहिलं तर तलवारीने उघडं पाडलेलं लोखंड माझ्या चंदेरीपेक्षा खरं दिसत होतं. आता मुठीचे खिळे तपासतो, हाताला लागेल अशी कड कानसतो आणि ओरखड्यांवर गंज चढू नये म्हणून तेलाचा बोळा फिरवतो.