एपफ्रदीताचे आजारपण आणि दूरचे स्नेही

फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय बहुधा ख्रिस्ताच्या नम्रतेविषयीच्या उताऱ्यासाठी वाचला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच अध्यायाच्या अखेरीस, २५ ते ३० या सहा वचनांत, एका आजारी माणसाची हकिगत आली आहे, तिच्याकडे उपदेशकांचे सहसा लक्ष जात नाही. आमचेही गेले नव्हते. २०२२ साली इंदूर येथील आमच्या एका जुन्या शिक्षक स्नेह्यांना लसिकाग्रंथींचा कर्करोग असल्याचे निदान झाले, उपचारासाठी त्यांना मुंबईस जावे लागले, आणि आम्ही बेळगावी बसून त्यांच्यासाठी काय करावे हे न कळून तळमळत राहिलो. तेव्हा कोठे ही सहा वचने आम्ही नीट वाचली.

हकिगत अशी. पौल बंदिवासात आहे. परंपरेने हे स्थळ रोम मानले आहे. काही अभ्यासक इफिस किंवा कैसरिया सुचवितात. फिलिप्पै येथील मंडळीने त्याच्यासाठी द्रव्यसाहाय्य पाठविले व ते घेऊन एपफ्रदीत नावाचा आपला एक माणूस धाडला. तो नुसता पैसे पोचविण्यासाठी नव्हे, तर मंडळीच्या वतीने पौलाजवळ राहून त्याची सेवा करण्यासाठी गेला होता. पौल त्याला जो शब्द लावतो तो ‘लेइतुर्गोस’ हा ग्रीक शब्द सार्वजनिक कार्य स्वतःच्या शिरावर घेणाऱ्यास लावीत, आणि इब्री लोकांस पत्रात तोच पवित्रस्थानातील सेवेसाठी आला आहे. म्हणजे उशाशी बसणे, अन्न आणून देणे, निरोप पोचविणे या गोष्टी पौल उपासनेच्या पंक्तीस नेऊन बसवितो. पुढे हाच सेवक मरणाच्या दारी जाईपर्यंत आजारी पडला.

आता अंतराचा विचार करावा. फिलिप्पै हे इग्नातिया महामार्गावरील नगर. तेथून पश्चिमेस दिर्राखियम बंदरापर्यंत खुष्कीची वाट, मग समुद्र ओलांडून ब्रुंदिसियम, आणि तेथून अप्पिया मार्गाने रोम. पायी जाणाऱ्यास महिन्याहून अधिक काळ सहज लागे. एपफ्रदीताच्या दुखण्याची वार्ता फिलिप्पैस पोचली त्या दिवशी तो जिवंत होता की नाही, हे तेथील कोणासही सांगता येणे शक्य नव्हते. त्यांच्या हाती काळजी करण्यावाचून काही उरले नाही. आणि येथेच २६ वे वचन वाचकास थांबविते. एपफ्रदीत व्याकूळ झाला होता तो आपल्या रोगामुळे, असे पौल म्हणत नाही. आपण आजारी असल्याचे आपल्या लोकांस कळले, या विचाराने तो व्याकूळ झाला होता, असे म्हणतो. यासाठी योजलेले ‘आदेमोनेइन’ हे क्रियापद नव्या करारात याखेरीज दोनच ठिकाणी आढळते, मत्तय २६:३७ व मार्क १४:३३. दोन्ही ठिकाणी ते गेथशेमानेतील प्रभूच्या मनोव्यथेविषयी आहे. दूरच्यांची काळजी रोग्यापर्यंत परत येऊन पोचते आणि रोगाइतकेच जड ओझे होऊन बसते, हे पौलाने अचूक हेरले होते.

आमच्या बाबतीत हेच घडले. रोज सायंकाळी आम्ही दूरध्वनी करीत असू व त्यात आपले कर्तव्य होते असे समजत असू. इंदूरहून, ग्वाल्हेरहून, बडोद्याहून आणखी कित्येकांचे दूरध्वनी त्याच सुमारास येत. वहिनी प्रत्येकास तोच वृत्तांत पहिल्यापासून सांगत, आणि बहुतेकांना शेवटी धीरही त्याच देत. शिवाय आम्ही एका वर्तमानपत्रातील कसल्याशा रामबाण काढ्याचे कात्रण भ्रमणध्वनीवर धाडले होते. त्यावर उत्तर आले नाही. पुढे बऱ्याच दिवसांनी स्नेही एवढेच म्हणाले, “तुमचे कात्रण वाचून ही रात्रभर विचारीत होती की, आपण चुकीच्या वाटेने तर चाललो नाही ना?” हे ऐकून आम्ही ओशाळलो.

सल्ला देण्याविषयी पौलाचेच उदाहरण पाहण्यासारखे आहे. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीसंबंधी पहिल्या पत्रात एकच वाक्य आहे (५:२३). ते नेमके आहे, थोडक्यात आहे आणि तीमथ्याची प्रकृती वर्षानुवर्षे जवळून पाहिलेल्या माणसाचे आहे. त्रफिमास आपण मिलेतात आजारी सोडले, हेही दुसऱ्या पत्रात तो साधेपणाने सांगतो (४:२०); तेथे उपायांची यादी नाही, की त्रफिमाच्या विश्वासाविषयी शंका नाही. सर्व दुखणी प्रार्थनेने तत्काळ बरी झालीच पाहिजेत, असे सांगणाऱ्यांनी हे वचन एकदा सावकाश वाचावे.

तर मग दूरच्याने करावे काय? रोग्यापाशी मौन धरून बसावे, असे पाळकीय सेवेवरील ग्रंथ सांगतात, आणि ईयोबाच्या तिघा मित्रांनी पहिले सात दिवस केले तेच उत्तम होते, असे दाखवून देतात. ते खरे आहे. पण अलीफज, बिल्दद व सोफर दुरून निघून तेथे येऊन पोचले होते. त्यांचे मौन ईयोबास दिसत होते. आमच्या मते या दाखल्याची मर्यादा येथेच आहे. पाचशे किलोमीटरांवरचे मौन कोणास दिसत नाही. रोग्याच्या लेखी मौन म्हणजे विस्मरण. म्हणून दूरच्यास शब्दांवाचून गत्यंतर नाही. मात्र ते शब्द असे असावेत की, त्यांनी रोग्याकडून काही मागू नये. दूरध्वनी उत्तर मागतो. पत्र मागत नाही. आम्ही पुढे पत्रे लिहू लागलो आणि प्रत्येकाच्या माथ्यावर ‘उत्तर लिहू नये’ असे लिहीत गेलो. त्यांत शाळेच्या आवारातील चिंचेची, पावसाची, आमच्या जुन्या सायकलीची हकिगत असे. ही पत्रे ते रात्री झोप न येई तेव्हा पुन्हा काढून वाचीत, असे वहिनींनी सांगितले.

औषधोपचाराचे वेळापत्रक समजून घेणे हीही सेवाच होय, आणि ती दुरूनही करता येते. आमच्या स्नेह्यांना केमोथेरपीची सहा आवर्तने होती, प्रत्येक २१ दिवसांचे. औषध दिल्यावर पहिले काही दिवस मळमळ व अन्नाचा तिटकारा असतो. त्यानंतर, साधारणपणे ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान, रक्तातील पांढऱ्या पेशी अगदी कमी होतात आणि साध्या पडशाचेही भय असते. तिसऱ्या आठवड्यात माणूस बराचसा सावरतो. हे कळल्यावर आम्ही दिनदर्शिकेवर खुणा केल्या. बोलणे, भेटीस जाणे, हे सारे तिसऱ्या आठवड्यात. दुसऱ्या आठवड्यात भेटीला निघालेल्या एका खोकणाऱ्या गृहस्थांना आम्ही स्थानकावरूनच परत वळविले. त्यांना राग आला, तो आम्ही पत्करला.

सर्वांत उपयोगी पडले ते मात्र फिलिप्पैकरांचेच उदाहरण. आपण स्वतः जाऊ शकत नसलो, तर तेथे कोण आहे ते शोधावे. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेव्हापासून दूरदूरच्या गावांहून रोगी तेथे येतात, आणि त्यांच्याबरोबरच्या माणसांना पहिली अडचण पडते ती राहण्याची. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा अशांना आसरा देते, हे आम्हांस पूर्वी ठाऊकही नव्हते. तिथल्या परिसरातील एका ओळखीच्या कुटुंबास आम्ही कळविले. त्यांनी आठवड्यातून दोनदा डबा दिला व रक्ताची गरज पडली तेव्हा तरुण गोळा केले. येथे एक तांत्रिक गोष्ट नमूद करतो. रक्तातील प्लेटलेट हा घटक पाच दिवसांपेक्षा जास्त टिकत नाही, आणि पूर्ण रक्त एकदा दिल्यावर पुरुषास ९० दिवस व स्त्रीस १२० दिवस पुन्हा देता येत नाही. सबब सर्व रक्तदाते एकाच दिवशी धाडणे हा उत्साह असला तरी नियोजन नव्हे.

मंडळीत नाव घेऊन प्रार्थना करण्याविषयी आमच्या मनात किंतु आहे, तो लिहून ठेवतो. एका रविवारी आमच्या मंडळीत स्नेह्यांचे नाव, रोग व त्याची अवस्था, सर्व काही विनंतीच्या रूपाने सांगितले गेले. दुपारपर्यंत ती वार्ता इंदुरास पोचली होती. तोवर त्यांनी स्वतःच्या वृद्ध आईस रोगाचे नावही सांगितले नव्हते. मार्था व मरीया यांनी प्रभूकडे धाडलेला निरोप किती आखूड आहे पाहा: भावाचे नावदेखील त्यात नाही, केवळ प्रभूच्या प्रेमाचा उल्लेख आणि तो आजारी आहे एवढेच. मध्यस्थीच्या प्रार्थनेस याहून अधिक तपशील लागतो असे आम्हांस वाटत नाही. लागलाच, तर आधी रोग्यास विचारावे.

आता २९ वे वचन. एपफ्रदीत बरा झाला व पौलाने त्यास परत पाठविले. त्याचा आनंदाने स्वीकार करा व अशांचा मान राखा, असे त्याला लिहावे लागले. का लिहावे लागले, याविषयी भाष्यकार तर्क करतात की, काम अर्धवट टाकून आला असे कोणी म्हणू नये म्हणून. आमचा अनुभव या तर्कास पुष्टी देतो. उपचार संपून स्नेही इंदुरास परतले तेव्हा प्रथम हार आले, आणि दोन महिन्यांत सर्वजण विसरले. शाळेत तर ‘आता पूर्ववत् काम घ्याल ना?’ असे विचारले गेले. वस्तुतः त्यानंतर दर तीन महिन्यांनी तपासणी होती, पुढे दर सहा महिन्यांनी. त्या प्रत्येक तपासणीच्या आधीची रात्र ही पहिल्या निदानाच्या रात्रीसारखीच जाते, असे त्यांनी आम्हांस एकदा सांगितले. तेव्हापासून त्या तारखा आमच्या दैनंदिनीत लिहिलेल्या असतात. आदल्या रात्री नऊ वाजता आम्ही दूरध्वनी करतो. रोगाविषयी बोलत नाही. बहुधा सायकलीविषयीच बोलणे होते.