नाशिक येथील पांजरपोळ व शेतकऱ्यांचें कर्तव्य

दावणीस बारा-चौदा वर्षें राबलेला बैल थकला म्हणजे त्याचें करावें काय, हा प्रश्न आपल्या वाडवडिलांपुढेंही होता. परंतु आज तो अधिक बिकट झाला आहे. राज्याच्या इ. स. १९७६ च्या कायद्यानें गाईच्या कत्तलीस बंदी होती, इ. स. २०१५ पासून ती बैल व वळू यांसही लागू झाली. तेव्हांपासून म्हाताऱ्या बैलास बाजारीं गिऱ्हाईक मिळणें कठीण झालें. ज्याच्या घरीं वैरण पुरत नाहीं तो जनावर रात्रीं गांवाबाहेर सोडून देतो, आणि तें शेजाऱ्याच्याच पिकांत शिरतें. म्हणून पांजरपोळाचा विचार हा केवळ भूतदयेचा नसून शेतीचाही आहे.

महसूल खात्यांत कारकुनी केली असल्यामुळें कोंडवाड्याचा इ. स. १८७१ चा कायदा आम्हांस चांगला परिचित आहे. त्याप्रमाणें धन्यानें दंड व खुराकी भरल्यास जनावर सुटतें. धनी न आल्यास त्याचा लिलांव होतो. अर्थात् जें जनावर कोणासच नको, त्यास कोंडवाडा हा आसरा नव्हे. तो आसरा पांजरपोळांनीं दिला. मुंबईची संस्था सर जमशेटजी जिजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकारानें इ. स. १८३४ सालीं निघाली. आपली नाशिक-पंचवटीची संस्था इ. स. १८७८ ची, म्हणजे मोठ्या दुष्काळाच्या अखेरीची आहे.

या संस्थेचें खरें भांडवल जमीन होय. अंबडजवळ चुंचाळे व बेळगांव ढगा या बाजूस तिचें आठशें एकरांहून अधिक रान आहे. त्याचें महत्त्व हिशेबानें पाहावें. तीनशें किलो वजनाच्या जनावरास रोज सुमारें सात किलो सुकी वैरण लागते; म्हणजे वर्षास पंचवीस क्विंटल झाली. हीं शेंकडों जनावरें विकतच्या वैरणीवर पोसावयाचीं झाल्यास संस्था टिकणें कठीण. शिवाय टंचाईच्या सालीं तीच वैरण आपणही शोधीत असतों, तेव्हां भाव कोणास भोंवतील हें सांगावयास नको. इ. स. २०२३ सालीं ही जमीन उद्योगांकरितां घेण्याचा विचार पुढें आला, तेव्हां नाशिकच्या वृक्षप्रेमी नागरिकांनीं हरकत घेतली. आमच्या मतें ती हरकत शेतकऱ्यांनींही आपली मानावी. कारखान्यास दुसरी जागा मिळूं शकते. वाढलेलें रान दुसरीकडे उचलून नेतां येत नाहीं.

जनावर ओढावयाचें थांबलें तरी शेण देण्याचें थांबत नाहीं. रोज दहा किलो धरलें तरी वर्षास साडेतीन टनांवर ओलें शेण होतें. ज्या जिल्ह्यांत द्राक्षबागा व कांदा यांस शेणखत पुरत नाहीं, तेथें हें उत्पन्न क्षुल्लक नव्हे.

आतां आपलें कर्तव्य. ज्यास बैल घरींच सांभाळणें शक्य आहे, त्यानें तो पांजरपोळांत धाडूं नये. ती जागा निरुपायाची आहे. धाडणें भागच पडल्यास आधीं संस्थेस विचारावें, लाळखुरकताची व लंपीची लस टोंचून घ्यावी, आणि यथाशक्ति वैरण बरोबर द्यावी. इ. स. २०२२ च्या लंपीच्या सांथीनें एका आजारी जनावरापायीं सबंध गोठा कसा धोक्यांत येतो हें आपण पाहिलेंच आहे. सुगीनंतर बाजरीचें जादा सरमड बांधावर कुजूं न देतां गांवाच्या वतीनें एक गाडी तिकडे रवाना करावी. ज्याच्या खांद्यावर आपलें शेत पिकलें, त्याच्या म्हातारपणाची तरतूद हाही शेतीच्या खर्चाचाच एक भाग आहे, हें विसरूं नये.