हळद शिजते म्हणजे पेशीत नेमकं काय होतं?

आपला हिंगोली जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. ही हळद काढल्यावर आपण ती आधी शिजवतो, मग वाळवतो. असं का बरं? उत्तर पेशीच्या आवरणात आहे.

कंदातल्या प्रत्येक पेशीभोवती पेशीपटल असतं, म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर. हा थर प्रवाही असतो आणि त्यात प्रथिनं सरकत राहतात, असं सिंगर आणि निकल्सन यांनी १९७२ साली मांडलं. खोबरेल थंडीत थिजतं, उन्हात पातळ होतं. तसंच काहीसं इथंही घडतं. उकळत्या पाण्यात तर पटल पार विस्कटतं आणि आतलं पाणी अडवायला कुणी उरत नाही. म्हणून शिजलेली हळद लवकर वाळते. तेलात विरघळणारं कुर्क्युमिनही कंदभर पसरतं, रंग एकसारखा येतो.

पटलाच्या बाहेर सेल्युलोज-पेक्टिनची भित्तिका असते. प्राण्यांमध्ये पेशींना बाहेरून असा आधार कोलॅजेनचं जाळं देतं. उष्णतेनं पेक्टिन सैल होतं, कंद मऊ पडतो. काडी सहज आत गेली की हळद शिजली, असं आपण म्हणतो ते यामुळेच.

कमी शिजली तर हळकुंड ठिसूळ होतं, जास्त शिजली तर रंग उतरतो. दोन्हीकडून भावाला फटका. जाड गड्ड्यात उष्णता उशिरा पोचते, म्हणून गड्डे आणि हळकुंडं वेगवेगळी शिजवावीत.