राणीछाप रुपये आणि उंडेलाचे दिवे
(युद्धकाळातलं कोकण : भाग सहावा)

मागच्या भागात आपण बेळगावला, मराठा पलटणीच्या केंद्रापाशी होतो. आता घाट उतरून कुडाळजवळच्या पिंगुळीला यायचं आहे. तुम्ही म्हणाल, पिंगुळीत कसलं आलंय महायुद्ध? राऊळ महाराजांचा मठ आणि ठाकर समाजाच्या चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या ही या गावाची ओळख. चित्रकथीच्या पोथ्यांतून युद्धं भरपूर आहेत, पण ती राम-रावणाची, कौरव-पांडवांची. हिटलरचा इथे काय संबंध?

संबंध आहे आणि तो मुंबईमार्गे आहे. दुसऱ्या महायुद्धात मुंबई शहराने जे भोगलं, त्याचा निम्मा हिशेब मुंबईत मांडताच येत नाही, कारण तो चाकरमान्यांच्या गावच्या घरांत आहे, असं माझं मत आहे.

तेव्हा हा मुलूख सावंतवाडी संस्थानात होता. संस्थानचे बापूसाहेब महाराज पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात जाऊन आले होते, त्यामुळे लढाई नावाची गोष्ट इथे नवी नव्हती. पण १९३९ साली सुरू झालेली लढाई वेगळ्या वाटेने आली. मुंबईच्या गिरण्यांना युद्धाचं काम मिळालं, पाळ्या वाढल्या आणि त्याहून वेगाने भाव वाढले. मार्च १९४० मध्ये गिरणी कामगारांनी महागाई भत्त्यासाठी संप केला, तो चाळीस दिवस चालला. परळ-लालबागच्या खोलीत चाळीस दिवस पगार नाही, म्हणजे गावात चाळीस दिवस मनीऑर्डर नाही. पोस्टमन दारावरून तसाच पुढे गेला की घरात काय शिजायचं ते ठरत असे. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावं येतात, त्या चुलीचा उल्लेख येत नाही.

मग तांदूळ. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती गेलं आणि ब्रह्मदेशातून दरवर्षी येणारा दहा लाख टनांहून अधिक तांदूळ थांबला. कोकणातलं भात कोकणाला वर्षभर पुरत नसे, बाहेरचा तांदूळ लागेच. सकाळची उकड्या तांदळाची पेज ज्यांना सुटत नाही त्यांना यातली अडचण वेगळी सांगायला नको. पेज पातळ होत गेली, ताटात नाचणी आणि कुळीथ वाढले. मुंबईत २ मे १९४३ पासून धान्याचं रेशनिंग आलं. लढाई संपली तरी रेशनचं दुकान काही गेलं नाही. ज्या कार्डावर आपण वर्षानुवर्षं पत्त्याचा पुरावा दिला, त्याचं मूळ त्या वर्षांत आहे.

ब्रह्मदेशाबरोबर रॉकेलही अडलं, कारण तिथल्या विहिरींचं तेल इथे येत असे. कोकणाला जुना उपाय ठाऊक होता : उंडीच्या बियांचं कडू तेल, उंडेल. पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ तर दिव्यावरच चालतो. बाहुली पडद्याला टेकवायची, मागे दिवा, समोर सावली. हा खेळ रॉकेलच्या आधीचा, तेलाच्या वातीवर वाढलेला. म्हणून मला वाटतं, टंचाईच्या काळात घरातल्या कंदिलापेक्षा रावणाची सावली अधिक निर्धास्त असणार.

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापसाच्या गासड्या, सुमारे चौदाशे टन दारूगोळा आणि सोन्याच्या विटा एकत्र होत्या. कापूस आणि दारूगोळा शेजारी ठेवणाऱ्याच्या अकलेला काय म्हणावं! आधी कापूस पेटला, दुपारी चारनंतर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसं गेली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान. सोन्याची एक वीट तर मैलभर लांब एका घरावर येऊन पडली. गोदीत आणि आसपासच्या वखारींत हमालीपासून कारकुनीपर्यंत कोकणी माणूस होताच. आणि सरकारने बातमी दाबून ठेवली. सायगावच्या जपानी रेडिओने ती जगाला सांगितली, इथल्या बातमीदारांना तपशील देण्याची मोकळीक मे महिन्यात मिळाली. म्हणजे त्या साली पावसाआधीच्या आगबोटींनी मालवण-वेंगुर्ल्याला उतरलेल्या माणसांकडूनच खरी हकिकत गावोगाव पोचली असणार. माणूस उतरला की आधी तो दिसला म्हणून देवाला नारळ, मग बाकीची चौकशी.

दक्षिणेलाही शांतता होती असं समजू नका. पिंगुळीपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत मुरगावचं बंदर. गोवा पोर्तुगालचा, पोर्तुगाल तटस्थ, म्हणून तीन जर्मन जहाजं तिथे १९३९ पासून आश्रयाला, आणि एक इटालियन जहाज १९४० पासून. मार्च १९४३ मधल्या एका रात्री कलकत्त्याच्या पोक्त गोऱ्या स्वयंसेवकांनी एका बार्जमधून येऊन त्यांतल्या ‘एहरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर चढाई केली, आणि खलाशांनी जहाजं स्वतःच पेटवून बुडवली. या कामगिरीचा गवगवा पस्तीस वर्षांनी झाला. पुढे त्यावर सिनेमाही निघाला.

या काळाची हातात धरता येईल अशी खूण मात्र पैशाची. लढाईत चांदी कमी पडू लागली म्हणून १९४० मध्ये सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली आणि नव्या रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. व्हिक्टोरियाचे राणीछाप रुपये ३१ मार्च १९४१ नंतर चलनातून बाद झाले. हुकूम निघाला तरी सगळे रुपये काही सरकारजमा झाले नाहीत. लक्ष्मीपूजनाच्या ताटात, पेटीच्या तळाशी, गळ्यातल्या माळेत ते राहून गेले. कागदाच्या रुपयावर भरवसा ठेवायला बायका तयार नव्हत्या, आणि भावांचं पुढे जे झालं ते पाहता त्यांचंच बरोबर होतं.

दुसरा भोकाचा पैसा. १९४३ मध्ये तांबं वाचवायला टांकसाळीने पैशाचा मधला गाभाच काढून टाकला. एका बाजूला मुकुट, दुसऱ्या बाजूला पानांची वेल. मधे भोक असल्यामुळे राजाचा चेहरा बसवायला जागाच उरली नाही. दोऱ्यात ओवता येतो म्हणून तो पोरांच्या करगोट्यातही गेला. तुमच्याकडे असला तर चिंच लावून घासू नका, साल पुसट होतं. १९४३ ते १९४७ यांपैकी कुठलंही साल निघू शकतं. म्हणजे लढाई संपल्यावरही दोन वर्षं हाच पैसा पडत होता.

पुढच्या भागात वेंगुर्ल्याच्या बंदरात.