नम्र कोणी व्हायचे?

ख्रिस्ती सुवार्ताप्रसार नम्रतेने आणि करुणेने करावा, असे अलीकडे मंडळ्यांच्या सभांतून वारंवार सांगितले जाते. सांगणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण 'नम्रता' हा शब्द आपल्या कानांना फारसा निर्मळ वाटत नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्या ती आपल्याकडूनच वसूल केली गेली. जोहार घालणे, वाकून चालणे, ओंजळीने पाणी पिणे, ही सारी लादलेली नम्रताच होती. मी नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरातला, मूळचा महारवाड्यातला. म्हणून माझा पहिला प्रश्न असा की, नम्र कोणी व्हायचे?

योहानाच्या शुभवर्तमानात याचे उत्तर आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. पाय धुणे हे दासाचे काम. ते करतो गुरू. ज्याच्या हाती सत्ता आहे, त्याने ती खाली ठेवायची, असा या नम्रतेचा अर्थ. जो आधीच खाली ढकललेला आहे, त्याला आणखी वाकायला सांगणे म्हणजे सुवार्ता नव्हे. ती जुनीच गावकी आहे.

या कसोटीवर आपला इतिहास पाहावा. सतराव्या शतकाच्या आरंभी मदुरेत रॉबर्ट दी नोबिली या जेझुइट धर्मगुरूने ब्राह्मण संन्याशाचा वेष आणि आचार स्वीकारला. परक्या संस्कृतीपुढे त्याने नमते घेतले, असे त्याचे कौतुक होते. पण तो नमला तो ब्राह्मणी आचारापुढे. अस्पृश्यांपासून दूर राहणे त्या आचारातच होते. खालच्या जातींसाठी पुढे वेगळे धर्मगुरू नेमावे लागले. वरच्यांपुढे वाकताना खालच्यांकडे पाठ होते, हे अशा नम्रतेतले दुखणे.

याउलट एक लहानसे उदाहरण घ्या. अमेरिकन मिशनने 1842 साली नगरहून 'ज्ञानोदय' सुरू केले. त्यात 1855 साली मुक्ता साळवे या मांग समाजातल्या, फुल्यांच्या शाळेतल्या मुलीचा निबंध छापून आला. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, असा तिचा रोकडा सवाल होता. मिशनऱ्यांचा त्यात स्वार्थ नव्हता असे मी म्हणणार नाही. हिंदू धर्मावरची टीका त्यांना सोयीचीच होती. तरीही मांगवाड्यातल्या मुलीचे बोलणे तिच्याच शब्दांत छापणे, ही मला त्या काळातली सर्वात खरी सुवार्ता वाटते. सांगणाऱ्याने ऐकून घेतले की करुणेला सुरुवात होते.

पुढे दुष्काळ आले. 1876-78 चा आणि शतकाच्या अखेरीचा. मिशनने अन्न दिले, अनाथ सांभाळले आणि बाप्तिस्मेही वाढले. मग पोटासाठी बाटलेले, असा टोमणा आमच्या आज्या-पणज्यांच्या कपाळी चिकटला. भुकेल्याने भाकर देणाऱ्याकडे जाऊ नये, असे म्हणणाऱ्यांच्या कणग्यांना तेव्हा कुलपे होती की नाही, हे कोणी विचारत नाही! पण देणाऱ्यालाही प्रश्न विचारलाच पाहिजे. भाकरीमागे अट आली की करुणेचा व्यवहार होतो.

रेव्हरंड ना. वा. टिळकांना हे जाणवले असावे. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने 1917 साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारू पाहिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. दोन वर्षांत टिळक वारले. त्यांनी ख्रिस्त अभंगात आणि कीर्तनात आणला, त्याचे मोल मोठे. मात्र चोखोबाला ज्या भक्तीने पायरीशीच थांबवले, तिची भाषा महारवाड्याला तितकी घरची कशी वाटेल, हा विचार टिळकांच्या चाहत्यांनी फारसा केलेला नाही.

बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिताना मर्मावर बोट ठेवले. मिशनांनी शिक्षणाचा खर्च उच्चवर्णीयांवर केला आणि जात मोडण्यासाठी चर्च लढले नाही, हा त्यांचा आक्षेप. तो आजही उभा आहे. तमिळनाडूत विळुप्पुरम जिल्ह्यातल्या एरैयूर गावी 2008 साली वन्नियार आणि दलित कॅथलिकांत संघर्ष पेटला. पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. भारतातला पहिला दलित कार्डिनल, अँथनी पूला, 2022 साली झाला. आमच्याकडे लग्न जुळवताना 'मूळचे कोण?' हे अजून हळू आवाजात विचारतातच.

राज्यसंस्थेचा न्याय आणखी वेगळा. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींना धर्माची अट घातली. 1956 साली शिखांना आणि 1990 साली बौद्धांना ती दारे उघडली. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. म्हणजे चर्चमध्ये जात जात नाही आणि सरकारदरबारी ती उरत नाही. अशा माणसाला करुणेचे प्रवचन देणाऱ्या पाळकाने या मागणीच्या मोर्चात शेवटच्या रांगेत तरी चालावे.

माझ्या ओळखीचा एक पाळक देवळाच्या ओट्यावर संध्याकाळी अभ्यासिका चालवतो. बौद्ध आणि मातंग मुले जास्त, ख्रिस्ती थोडी. प्रार्थनेची सक्ती नाही. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर मुलांनीच लावली. मंडळीतले काही वडीलधारे दर वर्षी हिशेब मागतात, यातून किती आत्मे जिंकले? तो दहावीला बसलेल्या मुलांची यादी वाचून दाखवतो.