म्हैस आणि मुंबई (भाग ६) : एका वेताची म्हैस

मागच्या आठवड्यात म्हशीच्या दुधातली फॅट पाहिली. आता त्याच्या आधीचा प्रश्न: म्हैस दूध देते ती व्यायल्यावर. मग पुढचं वेत लांबलं, तर भुर्दंड किती?

म्हशीचा गाभणकाळ सुमारे ३१० दिवसांचा, गाईपेक्षा महिनाभर जास्त. व्यायल्यानंतर गर्भाशय पूर्ववत व्हायला सहा-सात आठवडे लागतात. साधारण ८५व्या दिवशी ती गाभण राहिली, तर पुढचं वेत ३९५ दिवसांनी, म्हणजे तेरा महिन्यांनी येतं. दहा महिने दूध, दोन-तीन महिने भाकडकाळ. हा झाला चोख हिशेब. पण माज येतो २१ दिवसांनी. लागोपाठ तीन माज हुकले की दोन महिने गेले, आणि भाकड म्हैस वैरण तेवढीच मागते.

माज हुकतो, कारण म्हशीचा माज बहुतेकदा मुका असतो. गाय हंबरून गोठा डोक्यावर घेते; म्हैस एखाद-दुसऱ्या वेळी रेकते, थोडं थोडं मुतते, बसल्या जागी काचेसारखी स्वच्छ बळस (चिकट स्राव) टाकते. हे सारं बऱ्याचदा रात्री किंवा पहाटे. त्यात उन्हाळ्यात माज मंदावतो. काळी कातडी, घाम कमी. डुंबायला पाणी नसलं की तिचा जीव कासावीस होतो. माजाचा खरा हंगाम पावसाळा सरता सरता सुरू होतो आणि थंडीभर चालतो.

मुंबईत गिरगावापासून दादरपर्यंत वस्तीतच तबेले होते, त्या काळच्या मालकाला हे सगळं परवडणारं नव्हतं. जागा महाग, पेंड-कडबा विकतचा. त्यामुळे हरियाणा-गुजरातेतून ताजी व्यायलेली म्हैस आणायची, दहा महिने धार काढायची आणि आटली की विकायची. पुष्कळशा खाटकाकडेच जात. रेडकू जितकं दूध पिणार, त्याची किंमत रेडकापेक्षा जास्त. म्हणून ते उपाशी मरायचं. मग पान्हा फुटेना, की फुंका घालायचे, म्हणजे योनिमार्गात हवा फुंकून पान्हा आणायचे. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानंही हा प्रकार गुन्हा मानला.

तोटा एकट्या म्हशीचा नव्हता. शहरासाठी निवडली जायची ती गावातली सर्वांत दुधाळ म्हैस. तिचा वंशच इथे खुंटायचा. परळला १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय होतं. पण जिला पुन्हा गाभण करायचीच नाही, तिच्या गर्भाशयाची तपासणी कोण करून घेणार?

दुग्धव्यवसायातले जाणकार दारा खुरोडी यांच्या पुढाकारानं १९४९ मध्ये गोरेगावला आरे वसाहत उभी राहू लागली आणि शहरातल्या म्हशी तिकडे हलल्या. जागा, पाणी, हिरवा चारा मिळाला. भाकड म्हशी सांभाळण्याचा प्रश्न मात्र मोठाच राहिला. पुढे डहाणूकडच्या दापचरी दुग्ध प्रकल्पामागेही तबेले शहराबाहेर नेण्याचाच विचार होता.

म्हणून म्हैस घेताना ‘दिवसाला किती लिटर?’ एवढंच विचारू नका. मागच्या दोन वेतांत अंतर किती होतं, ती आता गाभण आहे का आणि हे पशुवैद्यानं तपासून सांगितलंय का, तेही विचारा. दहा लिटर देऊन दोन वर्षांनी विणाऱ्या म्हशीपेक्षा आठ लिटर देऊन तेरा-चौदा महिन्यांनी विणारी म्हैसच घर चालवते.

(पुढील भागात: पंढरपुरी म्हैस)