चित्र ‘लिहिणे’ आणि आभासी वास्तव

आभासी वास्तवाच्या साहाय्याने चित्रकला शिकविता येईल काय, ह्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत टिपणात वारली चित्रांच्या अनुरोधाने करावयाचा आहे. बोळिंज ज्या पालघर जिल्ह्यात मोडते, त्याच जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागात ही चित्रपरंपरा नांदत असल्यामुळे हा प्रश्न आपल्या दाराशीच उभा आहे.

प्रथम संज्ञेकडे वळू. ‘आभास’ ह्या शब्दातील ‘भास्’ धातूचा अर्थ प्रकाशणे असा आहे; न्यायशास्त्रातील ‘हेत्वाभास’ ह्या संज्ञेत मात्र ‘तसे दिसते, पण तसे नसते’ असा अर्थ येतो. प्रस्तुत यंत्रास दोन्ही अर्थ लागू पडतात. डोळ्यांवर चढविलेला हेडसेट प्रत्येक डोळ्यास किंचित भिन्न प्रतिमा दाखवितो आणि मान वळेल तसे दृश्य पालटतो. त्यामुळे खोली प्रत्ययास येते. आयव्हन सदरलंड ह्यांनी १९६८ मध्ये अशा यंत्राचा एक आद्य नमुना दाखविला. गूगलच्या २०१६ मधील ‘टिल्ट ब्रश’ ह्या साधनात हाताने ओढलेली रेषा हवेतच टिकून राहते व तिच्याभोवती फिरता येते. २०२१ मध्ये गूगलने त्याचा विकास थांबवून त्याची संहिता सर्वांस खुली केली.

ह्याचा शिक्षणास उपयोग कोणता? तारपानृत्याचे चित्र घ्या. नर्तकांचे वेटोळे वरून पाहिल्याप्रमाणे असते. परंतु त्यातील प्रत्येक नर्तक समोरून पाहिल्यासारखा उभा दिसतो. विद्यार्थ्यास आभासी वर्तुळात तारपा वाजविणाऱ्याच्या जागी उभे केले, नंतर वर नेले, तर ह्या दोन दृष्टी एकाच भिंतीवर कशा आणल्या, हे त्यास सहज उमगेल. एरवी ज्यास तो ‘यथादर्शनाचे अज्ञान’ म्हणेल, ती चित्रकाराची निवड आहे, हे त्यास कळेल.

परंतु डोळ्यास जे मिळते ते हातास मिळत नाही. वारली लोक चौक ‘लिहितात’; मराठीतील ‘चित्रलिखित’ हा शब्दही हेच सांगतो. ‘लिख्’ म्हणजे मूलतः ओरखडणे. अर्थात त्यास विरोध करणारा पृष्ठभाग हवा. तांदळाचे पीठ पातळ झाले की रेषा ओघळते, घट्ट झाले की तुटते. बांबूची काडी पुन्हापुन्हा बुडवावी लागते. हवेतील रंग संपत नाही आणि चूक एका कळीने पुसली जाते. तेथे हात काहीच शिकत नाही.

माध्यमाच्या पालटाचा दाखलाही आपल्यापुढे आहे. लग्नातील चौक सवाशिणी लिहीत व धवलेरी गाणी म्हणे. १९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी ह्यांच्या प्रयत्नांनी चित्रे कागदावर आली. जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) ह्यांची कीर्ती देशाबाहेर गेली व २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कलेस नवे जीवन लाभले. पण लिहिणारे हात बहुतांशी पुरुषांचे झाले आणि गाणे भिंतीपाशीच राहिले. तिसऱ्या माध्यमात शिरताना ह्या वेळी काय मागे राहील, हे आधीच विचारणे इष्ट होय.

तात्पर्य, यंत्राने पाहणे शिकवावे. लिहिणे भिंतीपाशी, जाणत्या हाताच्या शेजारी बसूनच शिकावे. हा क्रम उलटल्यास ‘आभास’ शब्दाचा दुसरा अर्थच खरा ठरेल.